फाटकावर नसलेली पाटी

मित्रांनो, मला पाहून तुम्हांला वाटेल, हा तर भंगारवाल्याला देऊन टाकायचा पत्रा. वाटू द्या. मी एक जुनी पाटी आहे, आणि या वयात लोकांच्या वाटण्याचं मनावर घेऊन भागत नाही. माझा एक कोपरा दुमडलेला आहे. तार ओवायच्या दोन भोकांपैकी एक गंजून इतकं मोठं झालंय की त्यातून करंगळी जाईल. निलंग्यातल्या एका शाळेच्या फाटकावर दर शनिवारी संध्याकाळी दोन तास लटकायचं, एवढंच माझं काम. मधे काही महिने ते काम झालं नाही. त्यातल्या एका शनिवारी एक माणूस बायकोला घेऊन मला शोधत फाटकापर्यंत आला होता. मी दिसले नाही, म्हणून तो परत गेला, आणि चार महिन्यांनी वारला. त्याचं नाव महादेवप्पा. मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. तरी माझ्या आयुष्याची गोष्ट त्यांना वगळून सांगता येत नाही.

आधी मी एका खत-बियाण्यांच्या दुकानावर होते. माझ्या अंगावर हिरवीगार ज्वारी आणि दुकानदाराचं लांबलचक नाव होतं. दुकान बंद पडलं, मालक लातूरला गेला आणि मी दोन वर्षं एका बोळात भिंतीला टेकून पडून राहिले. शेळ्या मला अंग घासायच्या. तिथून मला विनोद पेंटरनं उचललं.

विनोदचं अक्षर अख्ख्या तालुक्यात नावाजलेलं होतं. लग्नातल्या ट्रॅक्टरवर नवरा-नवरीची नावं काढावीत तर त्यानंच. पण तो पीत होता. बाकीचे लोक चहा पितात तसा, उठल्यापासून. मला घरी आणलं त्या दिवशी त्याला दारू सोडून अकरा दिवस झाले होते आणि त्याचे हात पानासारखे थरथरत होते. त्याची बायको सिंधु शिलाईचं मशीन सोडून त्याच्याजवळ येऊन बसली. तिनं एका हातानं रंगाचा डबा धरला आणि दुसऱ्या हातानं मला. विनोदनं माझ्यावर पिवळा रंग चढवला आणि वर काळ्या रंगानं लिहिलं: सोबत गट. शनिवार, संध्याकाळी सात. मागची खोली. खाली एक बाण. अक्षरं काय सांगू, कुठं वर गेलेली, कुठं खाली आलेली. ज्याची अक्षरं बघायला लोक थांबायचे, तो माझ्याकडे बघून हमसून रडला.

सोबत गट म्हणजे काय, ते सांगते. दारू सुटावी असं वाटणारी माणसं आठवड्यातून एकदा एका खोलीत गोल करून बसतात. आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. आपण कसे प्यायलो, काय घालवलं आणि आजचा दिवस कसा काढला, ते बोलायचं. बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायचं. हा गट ग्यानोबा काकांनी सुरू केला. काका एसटीत मेकॅनिक होते. नांदेडला मुलीकडे राहत असताना तिथल्या अशाच एका मीटिंगला बसून त्यांची दारू सुटली. गावी परत आले तेव्हा इथं तसं काहीच नव्हतं. मग मुख्याध्यापिका बुद्धप्रिया बाईंकडे जाऊन त्यांनी शाळेची मागची खोली मागितली. बाईंनी लगेच हो म्हटलं. दोनच अटी घातल्या. शाळेच्या फाटकावर दारू हा शब्द नको, आणि पाटी मीटिंगपुरतीच लावायची. मीटिंग संपली की काढून आत ठेवायची. मुलांचे आईबाप काय म्हणतील याची त्यांना काळजी होती, आणि ती बरोबरच होती.

या अटीतूनच गटात एक रीत पडली. ज्याला दारू सोडून नव्वद दिवस होतील त्याला पाटीची पाळी मिळायची. त्यानं दर शनिवारी साडेसहाला यायचं, कपाटामागून मला काढायचं, फडक्यानं पुसायचं आणि फाटकावर टांगायचं. हा मोठा मान समजला जायचा. पहिली पाळी अर्थातच विनोदला मिळाली. तो म्हणाला, "काका, आता हात ठीक हाय. नवी काढून देतो, झकास."

काकांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. येणाऱ्याला कळंल तरी, हात कापणारी माणसं बी हितंच येतात म्हणून." मग म्हणाले, "आन ध्यानात ठेव इन्या. आपल्याला वाट म्हायती हाय. आपल्याला पाटी लागत न्हाई. जे आजून आले न्हाईत, तेंची हाय ही."

मित्रांनो, ते दिवस माझे चांगले होते. एक ट्रकवाला मला इतक्या काळजीनं टांगायचा, जणू मी काचेची आहे. कॉलेजातले एक सर मला लावताना टोपी डोळ्यांपर्यंत ओढायचे, आणि दुसऱ्या वर्षी बिनटोपीचे येऊ लागले. एका बाईच्या नवऱ्याला सोडून वर्ष झालं त्या दिवशी तिनं माझ्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. नवा माणूस मला लगेच ओळखता यायचा. तो माझ्यासमोरून तीन वेळा जायचा. पहिल्यांदा बघायचा नाही, दुसऱ्यांदा तिरक्या नजरेनं वाचायचा, तिसऱ्यांदा थांबायचा. मग मी पत्र्याचा जीव मुठीत धरून वाट बघायची, आत वळतो की पुढं जातो. पुष्कळ जण पुढं गेले. पण जे वळले, ते माझ्या बाणाकडे बघून वळले.

मग कोरोना आला आणि खोलीला कुलूप लागलं. मीटिंग मोबाईलवर होऊ लागली. खोली पुन्हा उघडली तेव्हा आठ-नऊच माणसं उरली होती, सगळी जुनी. नव्वद दिवसांचा नवा माणूसच नाही, म्हणून पाळी फिरून विनोदकडे आली. त्याला आता सात वर्षं झाली होती. एका शनिवारी वावटळ सुटली, मी फाटकावरून खाली पडले आणि कोपरा दुमडला. विनोद म्हणाला, "ठोकून आणतो." पुढच्या शनिवारी हातोडी विसरला. त्याच्या पुढच्या शनिवारी कामावरून थेट आला, सात वाजून गेले होते. असं करत करत मी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून राहिले ती राहिलेच. शेजारी फाटका नकाशा आणि एक मोडकी खुर्ची, एवढीच मला सोबत.

जून महिन्यातला तो शनिवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी खोलीत खूप हसणं झालं होतं. विनोदनं आल्या आल्या चहा ओतला. कुणी तरी विचारलं, "पाटी लावली का रे?"

"कोणासाठी लावू?" विनोद म्हणाला. "सगळे तर आलेत."

सगळे हसले. काकाही हसले. मीटिंग चांगली झाली, साडेआठला सगळे घरी गेले. विनोदनं जाताना खिडकी नीट लावली. तो काही वाईट माणूस नाही हो. वाईट असता तर ही गोष्ट सांगताना मला इतका त्रास झाला नसता.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी बुद्धप्रिया बाई एका पन्नाशीच्या बाईला घेऊन खोलीच्या दारात आल्या. कपाळावर कुंकू नव्हतं, विभूतीची बोटं होती. हातात कापडी पिशवी. खोलीतले पुरुष धडपडून उभे राहिले. बुद्धप्रिया बाई म्हणाल्या, "या उमादेवी. दुपारी शाळेत आल्या, मला विचारलं. मी म्हटलं बसा, सातला मीच सोडते." आणि त्या स्वतःही एका खुर्चीवर बसल्या.

उमादेवींनी पिशवीतून एक घडी पडलेला कागद काढला. ती काकांच्या हातची चिठ्ठी होती. तिच्या झेरॉक्स काढून काकांनी लातूरच्या दवाखान्यांत वाटल्या होत्या. एका नर्सबाईनं ती त्यांना दिली होती. कागदावर शाळेचं नाव होतं, दिवस होता, वेळ होती, आणि खाली लिहिलं होतं: फाटकावर पाटी दिसेल. बाणाच्या दिशेने यावे.

"तीन आठवडे मी ह्यांना मनवत व्हते," उमादेवी सांगू लागल्या. त्यांचं गाव कर्नाटकच्या शिवेला लागून, तेव्हा बोलण्यात कानडी हेल होता. "कळवळून म्हणलं, येक डाव चला. मंग तेरा दिवस न्हाई घेतली तेनी. तेरा. लई तरास झाला, पर न्हाई घेतली. शनिवारी आपणच सदरा इस्तरी केला आन म्हणले, चल बघू तुझी ती मीटिंग. गाडीत माझ्याजवळ बसले. बसत न्हाईत कधी, पुरुषाच्या बाजूला बसतात. हितं आलो फाटकापाशी, तर पाटी न्हाई."

काकांनी ती चिठ्ठी हातात घेऊन वाचली.

"मी म्हणलं, इचारू. समोर पानवाला हाय, तेला इचारलं. काय म्हणून इचारायचं, मला सुदरंना. म्हणलं, ते सोडायचं असतंय ते कुठं हाय. तो मोठ्यांदी म्हणला, बेवड्यांचं व्हय? असंल तिकडं मागं. बोट दाखवलं कुठं तरी. तिथली दोन पोरं हसली. ह्यांचं तोंड असं झालं. म्हणले, कागदावर पाटी लिवलीय, पाटी न्हाई, म्हंजे आज बंद हाय. नडी, चल. मी म्हणलं, आत जाऊन बघू तर. नडी, नडी म्हणले, चल. आन चालायलाच लागले."

त्यांचं गाव आडबाजूला. तिकडं जाणारी मुक्कामी गाडी पावणेनऊची. दोघं दोन तास स्टँडवर बसली. महादेवप्पा म्हणाले, पाणी पिऊन येतो. आले तेव्हा पाय लटपटत होते. त्यानंतर ते एकही दिवस थांबले नाहीत. पोटात पाणी झालं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात रक्ताची उलटी झाली आणि लातूरच्या वाटेवरच गेले. हे सांगताना उमादेवी रडल्या नाहीत. रडून झालेलं होतं.

"मंग तुम्ही आज..." काकांनी विचारलं.

"मला बघायचं व्हतं, खोली हाय का न्हाई. का कागदच खोटा व्हता. तेवढं बघितलं का झालं."

मित्रांनो, मी कपाटामागे होते. तिथून मला फक्त भिंत दिसते. पण ऐकू सगळं येतं; बाकीचं मला नंतर कळलं. मग खुर्ची सरकली. विनोद उठला होता. कपाटाच्या मागे त्याचा हात आला, जाळी-जळमटांसकट त्यानं मला बाहेर ओढलं आणि उमादेवींच्या समोर नेऊन धरलं.

"मी विनोद," तो म्हणाला. "ही लावायची पाळी माझी हाय. त्या दिवशी म्या लावली न्हाई. आम्ही सगळे आत व्हतो, मावशी. च्या पीत व्हतो."

उमादेवींनी मला पाहिलं. पदरानं माझ्यावरची धूळ पुसली. वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं, वाचता येत होतं त्यांना. मग हळूच, जणू माझ्याशीच, म्हणाल्या, "येवढी मोठी हाय की. दिसली असती."

यापेक्षा त्यांनी मला रस्त्यावर आपटलं असतं तरी मला कमी लागलं असतं.

काका म्हणाले, "चूक तेची येकट्याची न्हाई, माय. आम्ही बी हसलो व्हतो." पण विनोदला ते ऐकू गेलं नसावं. त्यानं मला बाकावर ठेवलं आणि म्हणाला, "मला हे झेपायचं न्हाई." चप्पल शोधू लागला. खोलीत बसलेल्या प्रत्येकाला त्या वाक्याचा अर्थ ठाऊक होता, कारण प्रत्येकानं ते कधी ना कधी म्हटलेलं होतं आणि त्यानंतर तो कुठं गेला होता तेही त्याला आठवत होतं. कुणी अडवेना.

उमादेवींनी सरळ विचारलं, "आता जाऊन पिणार ना?"

विनोद दारात थांबला.

"माझ्यासंगं खोटं बोलू नका. तीस वर्सं बघितलंय म्या, असं चप्पल घालणं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बाप मेला तवा हे बापाच्या नावावर पिले. बैल मेला तवा बैलाच्या. लेकीचं लगीन झालं, तवा लेक गेली म्हणून पिले. आता माझ्या माणसाच्या नावावर तुम्ही पिणार? मला चालणार न्हाई. तेच्या नावावर कुणी येक घोट बी घ्यायचा न्हाई. येवढंच मागते मी तुमच्याकडं."

विनोद दाराच्या चौकटीला धरून खाली बसला आणि मोठ्यांदा रडला. मला रंगवलं त्या दिवशी रडला होता, त्याहून खूप जास्त. उमादेवी त्याच्याजवळ गेल्या नाहीत, त्यांनी त्याचं सांत्वनही केलं नाही. का करावं त्यांनी? त्यांनी काकांनी दिलेला चहा पूर्ण प्यायला, कप धुऊन ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या. बाई त्यांना स्टँडवर सोडायला गेल्या. उमादेवी पुन्हा कधी आल्या नाहीत.

त्या रात्री काका विनोदच्या घरी जाऊन बसले. त्या दिवशी विनोद प्यायला नाही. पुढच्या शनिवारी सव्वासहालाच आला, येताना हातोडी आणि नवी तार घेऊन. कोपरा ठोकला, तो पूर्ण सरळ झाला नाही. आता मी फाटकावर असते आणि माझ्याशेजारी विनोद उभा असतो. साडेसात वाजेपर्यंत आत जात नाही. अर्धी मीटिंग चुकते त्याची. परवाच्या थंडीत एक जण मला वाचून परत फिरला, तर विनोद त्याच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेला. तो माणूस थांबला नाही. विनोद परत येऊन पुन्हा माझ्याशेजारी उभा राहिला. दुसरा एक जण आला आणि टिकला आहे, पाच आठवडे. सहावा आठवडा कसा जाईल, ते मला माहीत नाही. विनोदचंही मला आजच्यापुरतंच माहीत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काही ना काही मागतात. मला रंग नको, तेलपाणी नको. मी तर पत्रा आहे, आज ना उद्या गंजून जाईन. तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्या गावात कुणी हातात चिठ्ठी घेऊन एखाद्या फाटकापाशी घुटमळताना दिसलं, तर हसू नका. लांबून बोट दाखवूनही मोकळे होऊ नका. कुठं जायचंय ते हळू आवाजात विचारा आणि त्यांच्याबरोबर दारापर्यंत जा. दोन मिनिटं लागतील. तुम्हांला ते ओळख देणार नाहीत, कदाचित आभारही मानणार नाहीत.

महादेवप्पांनी तेरा दिवस काढले होते, ते त्यांनी एकट्यानं काढले. चौदाव्या दिवशी त्यांना फाटकापासून दारापर्यंत चालत येण्यापुरतं कुणी तरी हवं होतं. आम्ही नऊ जण होतो, दहावी मी, आणि आम्ही सगळे आत होतो.